अंगठ्यांकडे दिलेली चाल

मूळ प्रतीत रेघांच्या तीन पट्ट्या:
उजवा हात, डावा हात, आणि तळाशी पाय.
पियानोला दोनच.
म्हणजे आधी पायांचं काय करायचं ते ठरवा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं,
पण इथे अंथरूणच गुडघ्यापाशी कापलेलं.

रात्रीचे साडेनऊ. समुद्राच्या बांधावरून आलेला वारा
खिडकीच्या फटीत एकच सूर धरून बसलाय,
त्याला धाप लागत नाही. ऑर्गनलाही लागत नाही.
बोट ठेवलं की सूर उभा, उचललं की संपला,
मध्ये म्हातारपण नाही.
पियानोचा सूर जन्मतो
आणि त्याच क्षणापासून जायला निघतो.

हे सगळं ताम्मेसाठी.
ताम्मे आयलर्स, वय ब्याण्णव, लेअरचा वृद्धाश्रम, खोली चौदा.
मोटर बसण्याआधी, पोरवयात,
तो आमच्या चर्चमधले भाते तुडवायचा.
रविवारचे वीस फेनिग, नाताळात एक संत्रं.
"लोक म्हणायचे, फोल्कर्ट्स काय वाजवतो!
पण वारा माझा होता."
दर भेटीला हेच,
कपात गरम चहाखाली खडीसाखर तडकते
तेवढ्यापुरता थांबून.

तो आता माडीचा जिना चढणार नाही.
आश्रमाच्या जेवणघरात भिंतीला टेकून एक पियानो आहे,
मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी मुकी.
तिला वळसा घालून लिहायचं.

पहिल्या खेपेला मी हावरटपणा केला.
एकही सूर सोडला नाही,
दोन हातांत तिघांचा संसार मांडला.
वाजवून पाहिलं तर मोरीत भांडी पडल्यासारखं.

दुसऱ्या खेपेला खोडरबर.
मधल्या आवाजाची नक्षी गेली.
पायांचा खर्ज एक सप्तक वर उचलला, निम्मा केला,
उरलेलं उजव्या पेडलच्या धुक्यात सोडून दिलं.
राहिली मुख्य चाल, प्रार्थनेची,
लांब लांब सुरांची, सगळ्यांच्या मधून संथ चालणारी.
तिला द्यायला बोटच शिल्लक नव्हतं.
शेवटी दोन अंगठ्यांकडे दिली:
एकाने सोडायची, दुसऱ्याने धरायची,
भरलेली बादली दोघांनी न्यावी तशी.

चौथ्या ओळीत आठ मात्रांचा एक सूर आहे.
पियानोवर तो पाचव्या मात्रेलाच मेलेला.
पुन्हा वाजवायला हवा, पण कुठे?
नियमाने, ठोस मात्रेवर. तसं केलं.
पोस्टमनने दार ठोठावल्यासारखं झालं.

मग आठवलं. कुठली प्रार्थना हवी ते सांगताना
ताम्मेने ती गाऊन दाखवली होती,
आणि नेमक्या त्या सुरात, सहावी मात्रा उलटल्यावर,
शब्दाच्या ऐन मध्यात, श्वास घेतला होता.
चुकीच्या जागी. मला वाटलं, वय.

तिथेच सूर पुन्हा लिहिला. हलका.
माझ्या गुरूंनी खाली लाल रेघ ओढली असती.

गुरुवारी, ताटं उचलल्यावर, वाजवलं.
तो रडला वगैरे नाही. खिडकीकडे पाहत होता.
चौथी ओळ आली,
आणि सहाव्या मात्रेनंतर चाकाच्या खुर्चीखाली
त्याचा सपातातला डावा पाय उचलला गेला
आणि उजवा दाबला गेला. फरशीवर, पूर्ण वजनाने.

"इथे मी भाता बदलायचो," तो म्हणाला.
"सूर जरा खचायचा. फोल्कर्ट्स आरशातून डोळे वटारायचा."

मी गडबडले.
इतके दिवस मी पायांना जागा शोधत होते
आणि कुणाचे पाय, तेच विचारलं नव्हतं.
शेवटच्या पानावर, इतका वळसा घालूनही,
बोट त्या मुक्या पट्टीवर पडलंच.
नुसता लाकडाचा आवाज.

"वारा कमी पडला," ताम्मे घाईघाईने म्हणाला,
"माझी चूक. तू वाजव, तू वाजव."